शालूचा हार आणि माझे दोन हात

भिलाई, सेक्टर पाच
२५ एप्रिल १९६२

आदरणीय शेषरावदादा आणि भागाबाई वयनी यांना बळीरामचा सप्रेम जयभीम.

ताजी बातमी आधी सांगतो, म्हणजे ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. आमच्या शालूचा पहिलीचा निकाल शाळेनं रोखून ठेवला आहे. बातमी पक्की आहे. शेजारच्या चंपाबाई आज दुपारी आपल्या पोराचा निकाल आणायला गेल्या होत्या, त्यांच्याजवळ मोठ्या बहनजींनी, म्हणजे हेडमास्तरीणबाईंनी, निरोप दिला की शालूचा निकाल तिच्या वडिलांच्याच हातात मिळेल, सोमवारी, आणि वडिलांनी स्वतः यावं. "स्वतः" हा शब्द चंपाबाईंनी दारात उभं राहून दोनदा म्हटला. एकदा बहनजींच्या वतीनं आणि एकदा आपल्या.

बाकी आम्ही सर्व खुशाल आहोत. दादांचा गुडघा आता कसा आहे? वयनींचा खोकला गेला का? इथलं ऊन असं आहे की मिलमधून बाहेर आलं की गार वाटायचं, तेही आता वाटत नाही. कमला बरी आहे, पण शनिवारपासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आणि कामं फार कमी निघत आहेत.

आता शनिवारी काय झालं ते लिहितो. त्यासाठी आधी माझं काम समजलं पाहिजे. दादा, तुम्ही रेल्वेत पॉइंट्समन, तुम्हाला लगेच कळेल, वयनींसाठी लिहितो. आमच्या पोलादाच्या मिलमध्ये आवाज एवढा असतो की माणसानं माणसाच्या कानात बोंबललं तरी ऐकू येत नाही. वर क्रेन असते, क्रेनमध्ये आपला पुंडलिक बसतो आणि खाली मी उभा राहतो. मी बोट वर करून फिरवलं की त्यानं माल उचलायचा, खाली फिरवलं की उतरवायचा, दोन्ही हात आडवे पसरले की जागच्या जागी थांबायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, जो रूसी साहेबांनी आम्हाला पहिल्या दिवशी शिकवला, तो असा की थांबवलेली क्रेन फक्त थांबवणाऱ्याच्या इशाऱ्यानंच पुन्हा हलते. मग मोठा इंजिनिअर येऊन नाचला तरी ती हलवायची नाही. तुमच्या सिग्नलसारखंच समजा.

तर हे शिक्षण मी घरी आणलं. (इथूनच माझी चूक सुरू होते.) ड्युटीवरून आलो की शालू क्रेन व्हायची. मी दारात उभं राहून बोट फिरवायचं आणि तिनं चुलीजवळचा गिलास उचलून, हात ताठ ठेवून, घरभर चालत फळीवर नेऊन ठेवायचा. मध्येच मी हात पसरले की ती एक पाय वर असला तरी तसाच ठेवून थांबायची. पुंडलिकापेक्षा चांगली थांबायची, हे मी पुंडलिकाला सांगितलंही होतं आणि त्याला ते आवडलं नव्हतं. कमला म्हणायची, "पोरगी हाय का मशीन? कावून तिले दमवून राह्यले?" मी म्हणायचो, शिस्त लागते. शिस्त लागली.

आता शाळेची पद्धत. वर्ष संपलं की पहिलीच्या वर्गात लहानसा कार्यक्रम होतो. पाहुणे येतात, पोरं कविता म्हणतात, आणि मग पाहुणे सगळ्या पोरांना पहिलीच्या खोलीतून दुसरीच्या खोलीत नेऊन सोडतात. पाहुण्यांना हार घालायचा मान वर्गातल्या सर्वांत बुटक्या पोराला असतो. (मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की शालूची निवड हुशारीमुळे झाली. ते दुरुस्त करून वाचावं.) पण मान तो मानच. दादा, तुम्हाला आठवतं ना, आपण दोघं गावच्या शाळेत पडवीत चपलांजवळ बसून शिकलो. मास्तर आपल्याला छडी फेकून मारायचा, आणि मग आपण ती जमिनीवर ठेवून मागं सरलो की पाणी शिंपडून उचलायचा. त्या घरची पोर पुढं जाऊन साहेबाच्या गळ्यात स्वतःच्या हातानं हार घालणार, म्हणून मी रात्रपाळी करून न झोपता अंघोळ केली, लग्नातला कोट चढवला आणि शाळेत जाऊन मागच्या रांगेत बसलो. बाक पहिलीच्या पोरांचे होते. माझे गुडघे कानाजवळ आले होते.

पाहुणे निघाले रूसी. आमच्याच मिलचे, बांधकामावरचे मोठे साहेब, ताडासारखे उंच, चष्मेवाले. आमची शालू स्टुलावर उभी राहून त्यांच्या शर्टाच्या खिशापर्यंत पोचली. हातात हार, उतईच्या बाजारातल्या झेंडूचा, तिच्याहून लांब. साहेब वाकले, पण रूसी माणूस वाकला तरी किती वाकणार? शालूचे हात त्यांच्या नाकापर्यंत जाऊन अडले आणि पोरगी घाबरून इकडं तिकडं पाहू लागली. तिची नजर माझ्यावर आली. आणि दादा, शपथेवर सांगतो, मी हात उचलला नाही. हात आपोआप उचलला गेला. बोट वर, फिरव, फिरव, अजून वर. शालूचा चेहरा एकदम शांत झाला. टाचा उचलून तिनं हार असा सरळ वर नेला की पुंडलिकानं येऊन पाहावा. साहेबांच्या डोक्यावर आला. मी बोट खाली केलं. हार उतरू लागला. माझी छाती भरून आली होती, तेवढ्यात हाराचा दोरा साहेबांच्या चष्म्याच्या काडीत अडकला. आणखी चार बोटं खाली आला असता तर चष्मा जमिनीवर.

मी उभा राहिलो आणि दोन्ही हात पसरले.

उजवा हात चंपाबाईंच्या अंबाड्याला लागला, तो सुटला. डावा हात एका गृहस्थांच्या टोपीला लागला, ती खिडकीबाहेर गेली. सगळा वर्ग वळून माझ्याकडं पाहू लागला. आणि पुढं शालू थांबली. चवड्यांवर उभी, हार दोन्ही हातांत ताठ, पापणीसुद्धा हलेना. साहेब त्या हारात मान घालून वाकलेले. तेवढ्यात शाळेचा चपराशी हिरालाल माझ्याजवळ आला, माझा दंड धरला आणि "चल कका, बाहिर चल" म्हणत मला दारापर्यंत ओढत नेलं. मी पुढचा इशारा देणार, त्याआधीच बाहेर. नाही तर सगळं सुरळीत झालं असतं.

पुढचं चंपाबाईंकडून कळलं, त्यामुळे थोडं वाढवून आलं असेल. वर्गाच्या बहनजी म्हणाल्या, "बेटा, छोड़ दो." शालू हलली नाही. मोठ्या बहनजी म्हणाल्या, "हाथ नीचे करो." नाही. कुणी पेढा दाखवला. तिनं पेढ्याकडं पाहिलं, पण हात सोडले नाहीत. मग ती हळूच म्हणाली, "पापा ने इशारा नहीं दिया." हे ऐकून रूसी साहेबांना काय कळलं कोण जाणे, ते मोठ्यानं हसले आणि हारासकट खाली जमिनीवर मांडी घालून बसले. तरी शालूचे हात वरच. वर पोर, खाली साहेब, आणि मध्ये ताणलेला हार. शेवटी साहेबांनीच उठून चष्मा काढला, तिचं एकेक बोट सोडवून हार गळ्यात घातला आणि बाकीच्या पोरांना दुसरीच्या खोलीत घेऊन गेले. शालू स्टुलावरच राहिली. म्हणजे दादा, सगळा वर्ग दुसरीत गेला आणि आपली पोर पहिलीच्या खोलीत हात वर करून उभी, असं शाळेनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. बहनजी म्हणे एकमेकींत बोलल्या की मुलगी हट्टी आहे, सांगितलेलं ऐकत नाही, आणखी एक वर्ष पहिलीत बसवलेली बरी. आता तुम्हीच सांगा, तिच्याएवढं ऐकणारं पोर त्या शाळेत दुसरं कोणतं आहे?

मला लाज वाटते. मिलमध्ये तोंड दाखवायची सोय नाही. पुंडलिक क्रेनमधून मला पाहिलं की दोन्ही हात वर करून थिजल्यासारखा बसतो. दूधवाली काल विचारत होती की तुमची पोर अजून तशीच उभी आहे का. कमला म्हणते, "लोकाच्या पोरी पुढं गेल्या, माह्या पोरीले तुम्ही जाम करून ठेवली."

वयनींना माझा नमस्कार. उत्तराची वाट पाहत आहे.

आपला लहान भाऊ,
बळीराम

ता. क. एक विनंती आहे. आपण दोघं दिसायला सारखे. तुम्ही रविवारच्या पॅसेंजरनं दुर्गला उतरावं, मी सायकल घेऊन येतो. सोमवारी रेल्वेचा काळा कोट घालून तुम्हीच शाळेत जावं आणि शालूचा बाप म्हणून निकाल घ्यावा. बहनजींनी मला नीट पाहिलेलं नाही. काळा कोट पाहून त्या तिला दुसरीत घालतील असं मला वाटतं. शालूला मी समजावतो.

ता. क. दुसरा. शालूला वरचं समजावायला गेलो होतो. आता खरं लिहितो. हिरालालनं मला ओढून नेलं नाही. तो बिचारा तेव्हा खिडकीबाहेर टोपी शोधत होता. सगळ्यांनी वळून पाहिलं तेव्हा मोठ्या बहनजींनी विचारलं, "यह किसकी बच्ची है? इसके पिताजी कौन हैं?" आणि मी खाली वाकून, बाकांच्या मधून, स्वतःच्या पायांनी पळालो. दादा, एवढ्या लोकांत कुणी "कोण आहेस" विचारलं की माझे पाय अजून पडवीकडंच जातात. घरी येऊन कोट काढून ठेवला आणि कमलाला सांगितलं की चपराशानं नेलं.

शालूनं मला पळताना पाहिलं. चंपाबाईंनी जे सांगितलं नव्हतं ते आज शालूकडून कळलं. मोठ्या बहनजींनी तिला पुन्हा विचारलं की तुझे पापा कुठं आहेत, तर ती म्हणाली, "ड्यूटी पे हैं." हात वर तसेच धरून म्हणाली. मी विचारलं, कावून तशी म्हणली बाई? तर म्हणते, "तुमाले लाज वाटून राह्यली होती ना."

ता. क. तिसरा. तुम्ही येऊ नका. म्हणजे या, वयनींना घेऊन मे महिन्यात सावकाश या, पण सोमवारी नको. कमलाला मी सगळं सांगितलं आहे. ती आता बोलते, आणि भरपूर बोलते. शाळा साडेसातला उघडते. मी कोट घालून जाणार आहे, बाप म्हणून. दुसरीत घेतलं तर ठीक, नाही घेतलं तर मोठ्या बहनजींना सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. शालू सोबत येणार. तिची एकच अट आहे, शाळेच्या फाटकापासून मी दोन्ही हात खिशात ठेवायचे. बहनजींना नमस्कार करायला तरी काढू दे म्हटलं. विचार करून सांगते म्हणाली.