अस्तराचं झबलं

ताई,

नर्सने चिमीला माझ्या कडेवरून आत नेलंय. हे सारखे लिफ्टपर्यंत जाऊन येताहेत, पायाला भिंगरी लागल्यासारखे. मी तू शिवलेलं झबलं उराशी धरून बसलेय. टाके घासू नयेत म्हणून तू छातीला मऊ अस्तर लावलंस. तुझ्या बाळ्यासाठी लावलं होतंस, तसंच. तो त्या ऑपरेशनमधून उठलाच नाही.

आता म्हणे छाती उघडतच नाहीत. मांडीच्या शिरेतून बारीक नळी सरकवतात आणि हृदयातल्या भोकावर झाकण बसवतात. टाका एकही नाही. हे तुला कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून हे पत्र पर्समध्येच राहणार.

सगळं नीट झालं, तर तुला सांगायला जीभ रेटणार नाही. आणि काही बरंवाईट झालं, तर पहिला फोन तुलाच करीन.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी