ढेकळांतला धाविक

रविवार, १३ डिसेंबर १९९८

आज खोटं बोललो. तेही एका पक्ष्यावरून.

शिरोळकडचं रान, ऊस तुटून नुकतंच नांगरलेलं, नुसती ढेकळं. आमच्या पक्षीवाल्यांचा नियम असा की दोघांनी पाहिला तरच पक्षी वहीत चढतो. नियम माझाच, वहीही माझ्याकडेच. धाविक पक्षी मी अकरा वर्षं शोधतोय. आणि हा सागर, हुपरीत पैंजण घडवणारा, आमच्यात येऊन दोन महिने झालेला, पट्ट्याऐवजी सुतळी बांधलेली दुर्बीण डोळ्याला लावतो आणि म्हणतो, "सर, त्या ढेकळाम्होरं बघा की. धाविकच हाय न्हवं?"

होता. वीटकरी छाती, डोळ्यावर पांढरी रेघ, चार पावलं पळायचा आणि थांबायचा. मला स्वच्छ दिसला. बाकीचे मागे राहिलेले. मी म्हणालो, "मला तर काही दिसत नाही." तेवढ्यात तो उडालाच. सागर सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. माझ्या गळ्यात एवढी भारी दुर्बीण, आणि आधी दिसावा त्या सुतळीवाल्याला? का?

परतताना लांब आभाळात काहीतरी घिरट्या घालत होतं. सगळ्यांसमोर मी घाईने म्हणालो, "गरुड." घारच असावी. कुणीच दुजोरा देईना. मग सागर म्हणाला, "व्हय सर, मी बी बघितला."

त्याची दुर्बीण सुतळीला तशीच लोंबत होती.

वहीत आज गरुड आहे. पाहणारे दोघं, मी आणि सागर.