रविवारची अकरा नावं

वणी, सोमवार

प्रिय भगवान,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ते आधी टेबलावर फेकलं असशील आणि तासाभराने कुणाचं लक्ष नाही असं बघून उचललं असशील. तेवढं मी तुला ओळखतो. रागवायला तुला आवडतं, पण राग फार वेळ टिकवता येत नाही.

काल संध्याकाळी तू पाठवलेला निरोप मी चार वेळा ऐकला. नाहिदने एकदाच ऐकला आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. "बश्या, मेला का जिता हायेस ते तं सांग. भाभी कधी म्हनते झोपले, कधी म्हनते नमाजले गेले. नमाज दिवसाच्या पाच असतात येवढं मलेही समजते, तू काय सातवी पढून राह्यला काय? अकरा रविवार झाले. आता मी फोन करनार नाही. हा शेवटचा." अकरा रविवार तू बरोबर मोजलेस. नाहिद खोटं बोलली ते माझ्या सांगण्यावरून, तिच्यावर राग धरू नकोस. प्रत्येक वेळी मी तिच्या शेजारीच बसलेलो होतो. फोन वाजायला लागला की तुझ्या लेकाच्या, आयुषच्या, लग्नातला तुझा फेटेवाला फोटो समोर यायचा, आणि तो विझेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसायचो.

मोबाइलवर लिहून पाठवता आलं असतं. नात उमेराने शिकवलंही. पण दोन बोटांनी टोचून लिहिलेलं मला माझं वाटत नाही. फुटबॉल मॅचच्या बातम्या मी इतकी वर्षं कागदावरच लिहिल्या आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती यवतमाळच्या पेपरला धाडल्या. शिवाय तुझा मोबाइल सूनबाईंच्याही हाती असतो. हे तू एकट्याने वाचावंस असं वाटतं.

इकडची खबर फारशी नाही. दुकान बंद ठेवतो. कोळशाचे ट्रक अजून दारासमोरूनच जातात, जुने ड्रायव्हर हॉर्न मारतात, एखादा थांबून दुरुस्तीसाठी डायनामो दाखवतो. मी हातानेच पुढचं दुकान दाखवतो. गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय आपल्याकडे दुकान चालत नाही, आणि ते आता जमत नाही. संध्याकाळी मैदानावर जातो. आपला रोलर अजून त्याच कोपऱ्यात आहे. त्यावर आपण चौघं बसायचो, आणि चौथा अर्धा बाहेर लोंबायचा. एक कब्रस्तानात गेला, एक मोक्षधामात, आणि तू पुण्याला गेलास. आता मी मधोमध बसतो. थंडीत लोखंड इतकं गार लागतं हे मला या वर्षी पहिल्यांदा कळलं.

तिथे बसून मी आपले अकरा मोजतो. निर्गुडा स्पोर्टिंगचे सर्वकाळचे अकरा. पोरांना आता क्लबचं नाव कापडी फलकावर छापून लागतं, पण जुने लोक अजून 'काळे मोजे'च म्हणतात. पांढरे मोजे घालून उतरायचे आणि पहिल्या दहा मिनिटांत कोळशाच्या धुळीने काळे व्हायचे, म्हणून ते नाव. अकरांचा नियम तूच केला होतास. एकाने नाव घ्यायचं, दुसऱ्याने हो म्हटलं तरच ते पक्कं. दहा नावं आपली केव्हाच पक्की झाली. तरी दर रविवारी नव्याने घ्यायची, जणू कुणी ती चोरून नेली असती.

गोलकीपर डोंगरसिंग. त्याच्यावर आपलं कधी भांडण झालं नाही. खाणीत डंपर चालवून थेट मैदानावर यायचा, आणि खांबांशी त्याच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी बोलल्याशिवाय उभा राहायचा नाही. पेनल्टीच्या वेळी तो काय करायचा ते आठवतं? गोल सोडून चालत जायचा, मारणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचा, "घरी सगळे बरे हायेत न? माय बरी हाये न?" आणि शांतपणे परत येऊन उभा राहायचा. बल्लारपूरच्या त्या उंच पोराने बॉल कुंपणाबाहेर मारला, आणि नंतर रडत सांगितलं की मायची खरंच तब्येत बरी नव्हती. डोंगरसिंग त्या दिवशी जिंकूनही जेवला नाही.

मागे उकंडा. पहिला हाफ बूट घालून, दुसरा अनवाणी. मध्यंतराला बूट काढून तुझ्या मांडीवर ठेवायचा. एकदा नवीन कोचने दटावलं तेव्हा म्हणाला, "सायेब, बुटातला पाय माहा वाटत नाही, दुकानदाराचा वाटते." त्याच दिवशी त्याने गोलरेषेवरून काढलेला बॉल मी अजून डोळे मिटून बघू शकतो. तू मात्र बॉल पाहिलाच नव्हतास, कारण बुटातल्या चिखलाने तुझं धोतर माखलं होतं आणि तू ते झटकत बसला होतास.

मधे धम्मदीप. तो कधी ओरडला नाही, कधी धावताना दिसला नाही, आणि बॉल मात्र त्याच्याकडेच. तू म्हणायचास, "बॉल त्याच्याकडे माहेरी आल्यावानी येते." याच्याहून चांगलं वाक्य मला चाळीस वर्षांच्या बातम्यांत एकदाही सुचलं नाही. मी ते चोरून पेपरला पाठवलं होतं. त्यांनी कापलं.

आणि डाव्या बाजूचा तो अकरावा, ज्याच्यावर आपण अजून अडलोय. तुझा पियुष की माझा जीशान. जीशान सोळा वर्षं खेळला. तुझा पियुष लोहाऱ्याहून आला, दोन हंगाम खेळला आणि नोकरी लागल्याबरोबर गेला. पण तुला त्याचा तो एक गोल विसरता येत नाही. तो गोल त्याने मारला तेव्हा पंचवीस मीटरवरून होता. विमलवहिनींना सांगितलास तेव्हा तिसावरून झाला. पुण्याला गेल्यावर चाळीस. आणखी दोन वर्षांनी तो त्याने लोहाऱ्याच्या घरूनच मारलेला असेल. हे मी तुला फोनवर म्हटलं होतं, तेव्हा तू इतका हसलास की आयुष धावत खोलीत आला.

ते हसणं मी लक्षात ठेवलंय, कारण त्याआधी कित्येक महिने तू हसला नव्हतास. वहिनी गेल्या, शेत तू बटईने, अर्ध्या वाट्यावर दिलंस आणि अकराव्या मजल्यावर राहायला गेलास. पहिल्या महिन्यात तू फोनवर काय काय सांगायचास. खाली जाळीतल्या हिरव्या चटईवर पाच-पाच जण खेळतात, दिव्यांच्या उजेडात, आणि एकही जण पडत नाही. "पडत नाही तं खेळ कायचा बश्या?" लिफ्टमध्ये लोक मान हलवतात, बोलत नाहीत. सून चांगली आहे, आयुष चांगला आहे, सगळं चांगलं आहे, आणि दिवस संपत नाही. मी तुला म्हटलं, थांब, आणि मैदानावर माइकवरून पुकारायचो तसे आपले अकरा पुकारले. "गोलमध्ये, ज्याने आजवर फक्त बायकोपुढे हार मानली, तो डोंगरसिंग राठोड!" मग म्हणालास, "अजून एकडाव पुकार." तेव्हापासून दर रविवारी, पाच वाजता. तू "पुकार" म्हणायचास आणि मी घसा खाकरायचो. एकदा तू म्हणाला होतास, "तुहा आवाज आइकला का आठवडा निघते बाप्पा. नाहीतं सोमवारीच थकून जातो." तू सहज म्हणालास. माझ्या मनात ते वाक्य रुतून बसलं.

आता जानेवारीतलं सांगतो, कारण ते तुझ्या कानावर वेगळ्या तऱ्हेने आलं असणार. यंदाच्या फायनलला क्लबने जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. मंडळी मला माइकसाठी बोलवायला आली. मी नाही म्हणून मान हलवली. नाहिदने सांगितलं, त्यांच्या घशाला त्रास आहे. त्यांनी दुसऱ्याला बसवलं. मी गळ्याला मफलर गुंडाळून रोलरवर जाऊन बसलो. डोंगरसिंग बाभुळगावहून मुलीसोबत आला होता. काठी टेकत, पण पाठ अजून ताठ. माइकवरून कागद वाचल्यासारखं आलं, "डी. राठोड, माजी खेळाडू, कृपया मंचावर यावे." डी. राठोड! त्याच्या बायकोलाही कळलं नसतं की कुणाला बोलावलं. लोकांनी दोन टाळ्या वाजवल्या. डोंगरसिंग जागचा हलला नाही. तो माइकच्या टेबलाकडे बघत राहिला. तो मला शोधत होता, भगवान. मी नीट पुकारलं की मगच जायचं, अशा बेताने थांबला होता. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिलो. शेवटी मुलीने त्याला हाताला धरून नेलं.

शाल-नारळ घेऊन तो रोलरपाशी आला. म्हणाला, "बशीरभाई, तू काहून नाही बोलला? मी काय येवढा बी नाही उरलो?" मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्याने वाट पाहिली. मग हात सोडवून घेतला आणि निघाला. आठ दिवसांनी तुझा निरोप आला, "डोंगरसिंग सांगत होता, बशीर लय मोठा मानूस झाला म्हने, आता जुन्याइले ओळखत नाही." ते तू खरं मानलंस की नाही, मला माहीत नाही. तुझ्या जागी मी असतो तर मानलं असतं.

म्हणून हे पत्र. पोळ्याच्या सुमारास आवाज बसला होता, तेव्हा तू म्हणाला होतास, "गळ्यात कापूस गेला काय?" कापूस नव्हता, गाठ होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपूरला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र पूर्ण काढलं. गाठ गेली म्हणतात. जेवतो, फिरतो, गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घेतो. मफलर त्याच्यासाठी. पण आवाज गेला तो गेला, आता येणार नाही. तुझा आठवडा ज्यावर निघायचा तेच माझ्याजवळ उरलं नाही, हे तुला कसं सांगू, या विचारात मी अकरा रविवार घालवले. तुला वाचवतोय असं मला वाटत होतं. काल चौथ्यांदा तुझा निरोप ऐकताना लक्षात आलं की मी तुझ्याकडून दोन्ही काढून घेतलं, आवाजही आणि मित्रही. डोंगरसिंगला मी वेगळं पत्र लिहिलंय, त्याची मुलगी वाचून दाखवेल. तुझ्याकडे एवढंच मागायचं आहे की शेवटचा म्हणालास तो फोन शेवटचा करू नकोस. येत्या रविवारी पाच वाजता लाव. मी स्वतः उचलेन. पलीकडून काही ऐकू आलं नाही म्हणून ठेवू नकोस. या वेळी अकरा जण तू पुकार, जमेल तसे, सूनबाई हसली तरी चालेल. प्रत्येक नावावर थांब. मी फोनवर टिचकी मारेन. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आणि कधी टिचकी आलीच नाही, तर घाबरू नकोस, हसतोय असं समज. माझ्या हसण्यालाही आता आवाज नाही.

तुझाच, रविवारची वाट पाहणारा,
बशीर