डावीकडे बसून

मंगळवार, दिवेलागणीनंतर. ब्राह्मणपारा, रायपूर.

हे आज फार खुशीत आहेत. परवा पाऱ्याच्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर सदर बाजारातल्या एका भैयाने यांच्या नेत्याला लंगडा घोडा म्हटलं, तेव्हा केवढे चिडले होते. कोणाच्या अपंगपणावर हसता, लाज वाटत नाही का, असं लांबलचक लिहिलं. मला बरं वाटलं होतं. उगाच? नाही, खरंच बरं वाटलं होतं.

आणि आज चहा झाल्यावर माझ्या डावीकडे येऊन बसले. उजव्या कानाने मला ऐकू येत नाही, म्हणून लग्नापासून हे डावीकडेच बसतात. त्या भैयाच्या पार्टीच्या उमेदवार बाईंवर आपण काय लिहिलं, ते वाचून दाखवलं. "अपनी बहरी मैडम को पहले मशीन लगवाओ, फिर वोट मांगो." खाली हसणाऱ्यांची ही रांग.

मी म्हटलं, "अन् माह्यावर कोणी असं लिहिलं तर?"

हे गोंधळलेच. "तुह्यावर काहून लिहीन कोणी? तू काय बहिरी आहेस का?"

राग यायला हवा होता. पण एवढंसुद्धा हे माझ्या डाव्या कानाशी वाकून, जरा मोठ्यानेच बोलले.