चष्म्याविना शास्त्रपाठ

१ सप्टेंबर, रविवार

चमत्कार झाला म्हणे! आमच्याच घरात, आणि मलाच पत्ता नाही!

आज चर्चच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ सासऱ्यांकडे होता. बाबा पुढे गेले, मोठं पुस्तक उघडलं, चष्मा काढून खिशात टाकला आणि घडाघडा म्हणायला लागले. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही. आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणारेसुद्धा ताठ बसले. गेल्या महिन्यात सगळ्या मंडळीनं बाबांच्या डोळ्यांसाठी प्रार्थना केली होती. पाळकसाहेबांना भरूनच आलं. म्हणाले, "पाहिलंत? पंच्याहत्तरीचा माणूस, बिनचष्म्यानं वाचतोय!" मग काय, टाळ्या, स्तुती, रुमाल डोळ्यांना!

मी मनात म्हटलं, अहो, हे स्तोत्र बाबा रोज दाढी करताना म्हणतात. तोंडाला फेस लावून. त्याला पुस्तक कशाला लागतंय?

आणि मला कोण फसवणार? चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, हेच माझं काम. बाबांचे नंबर मला तोंडपाठ आहेत. उजवा डोळा जेमतेम बरा, डावा पार कामातून गेलेला. गेल्याच आठवड्यात नवा चष्मा करून दिला. माझ्या हातचा!

वाटलं, घरी येऊन बाबा पोट धरून हसतील. नाही हसले. लोक हात मिळवत होते आणि हे नवरदेवासारखे चालत होते.

२ सप्टेंबर, सोमवार

आमच्या घरी एक नियम आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेत, आमेनच्या आधी, प्रत्येकानं 'आजचं खोटं' सांगायचं. बाबांनीच सुरू केलेला. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कुठल्या घरात येऊन पडले! आता सवय झाली. आता तर सांगायला मजा येते.

आजची यादी: आमचे हे म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांगितलं, निघालोय, रस्त्यातच आहे. तेव्हा आंघोळ चालली होती." (हे वायरमन आहेत. हे खोटं आठवड्यातून तीनदा असतं.) माझी लेक चिमणी म्हणाली, "दात घासले म्हणाले, फक्त ब्रश ओला केला." नऊ वर्षांची आहे, प्रगती चांगली आहे. मी एका बाईंना म्हटलं होतं, ही फ्रेम तुम्हाला फार शोभते. ती शोभत नव्हती. सासूबाई नेहमीप्रमाणे, "माझं काही नाही बाई." हेच त्यांचं रोजचं खोटं, असं बाबा म्हणतात.

मग बाबांची पाळी. "आज काही नाही. आमेन."

इतक्या घाईत आमेन? मी एक डोळा उघडून पाहिलं. ते खाली बघत होते.

५ सप्टेंबर, गुरुवार

बाबांनी चहात मीठ घातलं. दोन चमचे. प्यायलेसुद्धा! म्हणाले, "आज जरा वेगळी चव आहे."

८ सप्टेंबर, रविवार

चष्मा अजून खिशातच. चर्चच्या दारात बाबांनी पाळकसाहेब समजून त्यांच्या मेहुण्याशी पाच मिनिटं उपदेशावर चर्चा केली. तो बिचारा हो हो करत राहिला. पायरीवर ठेचकाळले ते वेगळंच.

आणि वर ही बातमी: बावीस तारखेला बाबांनी सगळ्यांसमोर साक्ष द्यायची! डोळे कसे बरे झाले त्याची. बाबा नाही म्हणतील म्हणून मी वाट बघत राहिले. बाबा म्हणाले, "बघू." आमच्याकडे बघू म्हणजे हो.

घरी आल्यावर विचारलं, "बाबा, चष्मा का घालत नाही?"

"नाकावर जड होतो गं."

"पिसासारखी फ्रेम आहे!"

"मग माझं नाक नाजूक असेल."

एवढं मोठं नाक, आणि म्हणे नाजूक! मी काहीतरी बोलणारच होते, तर ह्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "जाऊ दे ना. म्हाताऱ्या माणसाला चार दिवस कौतुक मिळतंय. तुझं काय जातं?"

माझं काय जातं! ह्यांचं सगळं आयुष्य 'जाऊ दे ना'वर चाललंय. मी भांडी जरा जोरातच घासली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

चिमणी आज विचारत होती, "आजोबांचं आजचं खोटं रोज काही नाही असतं. ते आता देवदूत झाले का?"

सासूबाई म्हणाल्या, "गप, अभ्यास कर." पण त्यांनी बाबांकडे असं पाहिलं की बाबा उठून गॅलरीत गेले.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज सगळी गंमत संपली.

खालच्या मजल्यावर टेलरकाकू राहतात. एकट्याच. चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसतात. अख्ख्या गायनमंडळाचे कपडे त्यांच्या हातचे. चिमणीचा गणवेश आणायला गेले तर डावा खिसा शिवून बंद! काकूंचा हात कधी चुकत नाही. मी हसत म्हटलं, "काकू, ह्यात हात कुठून घालायचा?" त्यांनी खिसा अगदी डोळ्याशी नेला. मग म्हणाल्या, "हल्ली कडेचं नीट दिसत नाही. पण होईल बरं. मी दोन तारखेपासून थेंब बंद केलेत."

काकूंना काचबिंदू आहे. डोळ्याचा दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही, नुसती कडेकडेनं नजर जात राहते. थेंबांनी तो दाब धरून ठेवायचा, दिवसातून दोनदा, जन्मभर. आणि काकूंनी तेच बंद केले!

"अहो, का?"

"का म्हणजे? तुझ्या सासऱ्यांना चष्मा लागत नाही, मग मला थेंब का लागावेत? देव माणूस बघून देतो का?"

मी सांगितलं सगळं. पाठांतर, दाढीचा फेस, चहातलं मीठ. काकू हसल्या. "तू चष्मे विकणारी, तू असंच बोलणार. तो माणूस जन्मात खोटं बोललेला नाही. त्यांनी स्वतः सांगू दे."

वर आले आणि बाबांसमोर उभी राहिले. सांगायला नको होतं तसं सांगितलं. ओरडले. "तुमच्या कौतुकापायी त्या बाईचे डोळे जातील! रोज आम्हाला खोटं कबूल करायला लावता, आणि स्वतः?" चिमणी दारात उभी होती. ह्यांनी चक्क 'जाऊ दे' म्हटलं नाही.

बाबांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "थेंब बंद केले? खरंच?" मला त्यांची दया आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम.

२० सप्टेंबर, शुक्रवार

बाबा सकाळीच खाली गेले. कठडा धरून, एकेक पायरी चाचपत. दहा मिनिटांत परत.

"नाही ऐकत. म्हणते, सुनेनं पढवून पाठवलंय."

वा! म्हणजे खरं बोलून मीच खलनायिका. सासूबाई म्हणाल्या, "चारचौघांत टाळ्या घेतल्यात ना? मग चारचौघांत सांगा." चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज इतका चढला असेल.

२१ सप्टेंबर, शनिवार

संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो. बाबा, मी आणि हे. पाळकसाहेब वाईट नाहीत, मनाचे हळवे आहेत. ऐकून खुर्चीत खचलेच. मग म्हणाले, "किती जणांचा विश्वास वाढलाय ह्या गोष्टीनं! उद्याच सांगायला हवं का? जरा सबुरीनं, आधी त्या बाईंना एकटीला समजावू—"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी आमचे हे बोलले! "साहेब, अर्थिंग नसेल तर दिवा लागतो. छान लागतो. पण एखाद्याला झटका बसला की मग काय सांगायचं? दिवा छान होता?"

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. बारा वर्षांच्या संसारात ह्या माणसावर मी दोनदाच भाळले. एकदा लग्नाआधी, एकदा आज.

२२ सप्टेंबर, रविवार

आज साक्षीचा दिवस.

पाळकसाहेबांनी नाव घेतलं. बाबा पुढे गेले. खिशातून जुना चष्मा काढला, एक काडी दोऱ्यानं बांधलेला. तो घातला आणि सगळ्यांकडे नीट पाहिलं.

"मी त्या दिवशी वाचलं नाही," बाबा म्हणाले. "पाठ म्हटलं. डोळे होते तसेच आहेत. हा चष्मा काढला तर तुम्ही सगळे मिळून एक डाग दिसता. पाळकसाहेब जरा मोठा डाग." कुणीतरी फिसकन हसलं. "चष्मा का काढला ते विचारू नका, ते माझं आणि देवाचं. पण टाळ्या वाजल्या तेव्हा मी गप्प बसलो. गोड लागलं हो! पाप तिथं झालं. देव बरं करत नाही असं मी म्हणत नाही. मला केलं नाही, एवढंच म्हणतो."

मग काकूंकडे वळले. "बाई, थेंब घाला. मी तुमच्या पाया पडतो. मला कुणी पढवलेलं नाही."

काकू उठल्या, पर्स घेतली आणि कुणाकडेही न बघता निघून गेल्या.

पाळकसाहेब बाबांच्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "ह्यांना न विचारता चमत्कार मी जाहीर केला. मलाही क्षमा करा." आज उपदेश झालाच नाही. झाला तो पुरे होता.

मी रडले. बाबांवर ओरडले होते त्याचं वाईट वाटलं, आणि त्यांचा अभिमानही वाटला. सांगून टाकलं त्यांना तसं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

२३ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सातला दारात काकू! पिशवी घेऊन तयार. "चल, कुठे तो तुझा डॉक्टर." दुकानातून रजा घेतली.

दाब खूप वाढला होता. थेंब लगेच सुरू केले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, अजून महिना गेला असता तर कठीण होतं. पण डाव्या डोळ्याची कडेची नजर आणखी कमी झालीय. गेलेली नजर परत येत नाही.

रिक्षात काकूच म्हणाल्या, "बरं, आता डावीकडून येणाऱ्यांनी जरा ओरडून यावं." आणि माझा हात घट्ट धरला. "तुझ्या सासऱ्यांवर रागावलेय. पण तू खरं बोललीस. तू नसतीस तर गेले असते माझे डोळे."

२४ सप्टेंबर, मंगळवार

प्रार्थनेत बाबांनी सलग तीन खोटी सांगितली! थकबाकी होती म्हणे. घर परत घरासारखं झालं. मीही जरा ताठ मानेनं वावरतेय, लपवून काय करू? चारजणी भेटून म्हणाल्या, सून असावी तर अशी. छाती फुगली. प्रभू, ह्याची क्षमा कर, पण आजचा दिवस फुगू दे!

एक मात्र आहे. बाबा अजून तो दोऱ्याचाच चष्मा घालतायत. नवा घाला म्हटलं तर म्हणतात, "हा सवयीचा आहे." नाकाचं खरंच दुखणं असेल. नव्याला नाकावरच्या मऊ गाद्या बसवून आणते.

२६ सप्टेंबर, गुरुवार

गाद्या बसवल्या. मग सहज, हाताला सवय म्हणून, चष्मा नंबरच्या मशीनवर ठेवला.

उजव्या डोळ्याची काच डावीकडे आहे. डाव्याची उजवीकडे. दोनदा पाहिलं. तीनदा पाहिलं. मी बसवलेल्या. हा चष्मा घालून कुणालाही जमीन तिरकी दिसेल, अक्षर दिसणार नाही.

घरी येऊन सासूबाईंना विचारलं. त्या भाजी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी कळलं होतं त्यांना. म्हणाले, पोरीनं एवढ्या हौसेनं केलाय, कुणाला बोलू नकोस. दुकानात तिला बोलणी बसतील. वाचायला उभे राहिले तर अक्षर दिसेना, म्हणून काढला."

काकूंना हे मीच सांगायला हवं. त्यांच्या दारापर्यंत सोळा पायऱ्या आहेत. चौदा उतरून इथे बसलेय, वही मांडीवर घेऊन. आतून शिलाई मशीनचा आवाज येतोय. तो थांबायची वाट बघतेय, असं स्वतःला सांगतेय.

थांबला. उठते.