आर्याचं ‘आम्ही’

प्रिय ताई,

हे पत्र खालच्या मजल्यावरच्या विद्याकाकूंच्या हाती देतोय. त्या शुक्रवारी पुण्याला येतायत. व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही लिहिलं, असं विचारशीलच. तुला काहीही पाठवलं की तू ते धड न वाचता पुढे पाठवतेस, खाली तीन प्रश्नचिन्हं टाकून, आणि बहुतेक वेळा दाजींनाच. हे तसं जायला नको. फोनवर बोलावं तर मी मुद्द्यावर येईपर्यंत तू कुकर बंद करायला निघून जातेस, हा काही माझा आरोप नाही, माझंच बोलणं तसं आहे. कागदावर निदान मला मागे जाऊन बघता येतं की कुठून निघालो होतो.

तर तू विचारलं होतंस ते आधी. “राजस, तू दोन्हीकडे राहिलायस. बाहेरून आलेल्यांच्या मुलानातवंडांचं जास्त बरं कुठे चालतं? ब्रिटनमध्ये की तैवानमध्ये? पैशाअडक्याने, घरादाराने. खरं सांग, उगाच फिलॉसॉफी नको.” दाजींचा इथला, सिंगापूरचा, नोकरीचा पास वर्षअखेरीस संपतोय, आंग मो किओची कंपनी तो पुढे वाढवत नाहीये, आणि समोर दोन नोकऱ्या आहेत, एक लेस्टरजवळ आणि एक तैवानात, शिंचूला. तू होळीपासून आईच्या उशाशी. म्हणजे तुम्ही दोघं लेकीचं, आर्याचं सगळं आयुष्य रोज फोनवर वीस मिनिटांत ठरवत होतात, आणि सल्ला कुणाचा, तर लेस्टरचा कोर्स अर्ध्यात सोडलेल्या आणि काओश्युंगला चिनी शिकायला जाऊन भांडी घासायला शिकलेल्या माझा. पण तू विचारलंस याचं बरं वाटलं. घरात मला वाट विचारतात ती फक्त स्टेशनची.

तुमचं बुकित पंजांगचं घर तसं नीट आहे. तुझ्या तुळशीला आर्या पाणी घालते, जरा जास्तच घालते. मी हॉलमधल्या सोफ्यावर असतो. संध्याकाळी काही काम नसेल तर उगाच एलआरटीत बसून एक फेरी मारतो. ती गाडी लोकांच्या घरांजवळून जायला लागली की काचा आपोआप धुरकट होतात, माहितीये ना, कुणाच्या बेडरूममध्ये कुणी डोकावू नये म्हणून. तू इतकी वर्षं राहिलीस, तुला त्याचं काही वाटत नसेल. मला पहिल्यांदा वाटलं माझा चष्मा खराब झाला. मी चष्मा लावत नाही हे नंतर लक्षात आलं.

लेस्टर. मी विश्वासकाका सबनीसांकडे वरच्या खोलीत राहायचो, आठवतं ना. त्यांचे वडील नैरोबीहून आलेले, आई होजिअरीच्या कारखान्यात मशीनवर बसायची. आता काकांची मधुवंती दातांची डॉक्टर आहे, गावाबाहेर तिचं मोठं घर आहे, मागे काचेची खोली, त्यात एक लिंबाचं झाड, ज्याला एक लिंबू लागलं तेव्हा तिने सगळ्यांना फोटो पाठवला. तू म्हणतेस तो ब्रिटन हाच. पण तिचा सख्खा भाऊ संकेत त्याच आईबापाचा, त्याच शाळेतला. तो गोदामात काम करतो, कधी कामाचे तास मिळतात, कधी नाही, आणि चाळिशीला आला तरी मी राहायचो त्याच्या शेजारच्याच खोलीत राहतो, कारण स्वतःचं घर घेणं त्याला आता या जन्मी जमणार नाही. काका पाहुण्यांना मधुवंतीबद्दल सांगतात. संकेत तेव्हा वर येऊन माझ्या खोलीत बसायचा आणि म्हणायचा, “मेट, आमच्या घरात यशस्वी कम्युनिटी खाली राहते, वर आपण दोघं.” आता तुलना करताना मी यातला कुणाला धरू? आणि हे आपल्यातलं झालं. दोन गल्ल्या सोडून बांगलादेशी वस्ती होती, तिथे तिसरी पिढीसुद्धा अजून रेस्टॉरंटच्या मागच्या दारानेच कामाला जात होती. ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्यांचं कसं चाललंय, याला एक उत्तरच नाही. कुठल्या जहाजातून कोण, काय घेऊन उतरलं, ते दोन पिढ्या पुसलं जात नाही.

तैवानमध्ये आपली अशी तिसरी पिढी बघायला मिळतच नाही. तिथे मी पाहिली ती थुईताईची पिढी. ती व्हिएतनामची, लग्न करून आलेली. ज्या खानावळीत मी भांडी घासायचो ती तिची. नवरा आजारी, सासू घरात, सगळं हिच्या जिवावर. तिचा मुलगा आता चिपच्या कारखान्यात चांगल्या पगारावर आहे. दवाखान्यात कार्ड दाखवलं की काम होतं, रस्त्यात मुलगी एकटी फिरली तरी कुणी वाकडं बघत नाही, हे सगळं खरं आणि दाजी जे म्हणतात ते बरोबर आहे. पण तो मुलगा ऑफिसात सांगतो की माझी आई दक्षिणेकडची आहे. लोक समजतात तैवानच्या दक्षिणेची. थुईताईला हे माहीत आहे. ती म्हणते, “खोटं कुठे बोलतोय तो? व्हिएतनाम दक्षिणेलाच आहे की.” आणि हसते, आणि पुढचं ताट माझ्याकडे सरकवते.

तिच्या सासूबद्दल सांगायचंय. ती म्हातारी तिथली जुनी भाषा बोलायची, तैवानी, शाळेत शिकवतात ती चिनी नाही. त्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत! ताई, मला इतका आनंद झाला होता, मी त्या दिवशी तीन ताटं फोडली. इंग्रजीत एक ‘वुई’ आहे, त्यात ऐकणारा आत आहे की बाहेर ते कळत नाही. तैवानीत ‘लान’ म्हणजे आपण, तुझ्यासकट. ‘ग्वान’ म्हणजे आम्ही, तू सोडून. आणि ती सासू, जिच्या घराचे हप्ते हिने फेडले, जिला ही आंघोळ घालते, ती थुईताईशी बोलताना अजून म्हणायची, “ग्वान घरात असं चालत नाही.” मला भाषा नीट येत नव्हती, पण तो एक शब्द आला की मी ओळखायचो. थुईताईला विचारलं तर म्हणाली, “मुलाला ती लान म्हणते. तेवढं पुरे.” तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे की पगार, घर, डिग्री सगळं एका बाजूला, आणि बाहेरून आलेल्याला तिथले लोक कितव्या वर्षी ‘आपण’मध्ये घेतात ते एका बाजूला. हे तू विचारलं नव्हतंस. फिलॉसॉफी नको म्हणालीस. पण आता याचं काम आहे.

कारण तुझ्या लेकीला हा फरक येत नाही. येत नव्हता. तिच्या डोक्यात ‘वुई’ असतं आणि तोंडातून सरसकट ‘आम्ही’ येतं. मला रोज म्हणते, “मामा, आम्ही खाली प्राटा खायला जाऊ या ना, प्लीज ला.” मी म्हणतो, जा की, मी इथेच बसतो. मग चिडते. तू पण फोनवर तिला किती वेळा सुधारलंस. घरातली गंमतच झाली होती ती.

मागच्या रविवारचा फोन आठवतोय तुला? आईला तू नुकतं खुर्चीत बसवलं होतंस, ती मागे दिसत होती. तू आर्याला दात दाखव म्हणालीस, तिने दाखवले. मग ती म्हणाली, “आई, आम्ही तैवानला गेल्यावर तू मला रोज कॉल करशील?” आणि तू हसलीस. म्हणालीस, “आम्ही नाही गं राणी, आपण! आणि कॉल कशाला, मी तिथेच असेन की. आणि तैवानचं अजून कुठे ठरलंय?” आर्याने दाजींकडे बघितलं. दाजी फोनच्या मागे उभे होते, म्हणून तुला दिसले नाहीत. मला दिसले. त्यांनी मान खाली घातली. मग आर्या म्हणाली, “सॉरी. आपण.” हळू म्हणाली. तुला वाटलं नेट गेलं.

ताई, ती त्या दिवशी चुकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना खालच्या हॉकर सेंटरला, त्या खाण्याच्या स्टॉलांत, घेऊन गेलो. ते कोपी, इथली कॉफी, घेऊन बसले, प्यायले नाहीत. मी कसं विचारायचं याचा विचार करत होतो आणि नेहमीसारखा भलतीकडे गेलो, शेजारच्या टेबलावरच्या अंकलच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याबद्दल बोलायला लागलो. तेच म्हणाले, “राजस, पक्षी राहू दे. विचार.” त्यांनी शिंचूला होकार कळवलाय. स्वतःचे आणि आर्याचे कागद दिलेत. तुझे दिले नाहीत. तिथे घर लागलं की तुला सांगणार होते. मी म्हटलं, मग लेस्टर की तैवान, हे महिनाभर काय चाललं होतं? म्हणाले, “मुलीचं भलं कुठे, यावर मी आणि तुझी ताई अजून बोलू शकतो. बाकी कशावर बोलायचं राहिलेलं नाही. ते तरी बंद करायचं जिवावर आलं.” मी चिडलो. आवाज चढवला, अंकलने पिंजऱ्यावर कापड टाकलं. दाजी चिडले नाहीत. म्हणाले, “तुझी ताई आईंना सोडून येणार नाही. आणि तिने का यावं? विचारलं आणि ती हो म्हणाली, तर जन्मभर मन तिकडे. नाही म्हणाली तर मला ते ऐकावं लागेल. मला दोन्ही नको होतं.” मी म्हटलं, मी तिला कळवणार. म्हणाले, “कळव. माझ्याच्याने होईना.” त्यांना वाईट माणूस म्हणून लिहायचं ठरवून बसलो होतो, पण ते तसे दिसले नाहीत. दमलेले दिसले. आर्याला त्यांनी ‘आईला सरप्राइज’ असं सांगून गप्प ठेवलंय. ती नऊ वर्षांची आहे, तिला कळतंय. परवा शाळेतून आल्यावर तिने विचारलं, “मामा, तू कुणाच्या टीममध्ये?” मी म्हटलं, सध्या सोफ्याच्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला शेवटपर्यंत नीट जमलेलं नाही. लेस्टरला आपल्यातल्या बऱ्याच जणांची घरं झाली, तैवानात पगार नि दवाखाना चांगला, आणि दोन्हीकडे जे मागे पडले ते कुणी मोजायला गेलं नाही. फक्त एवढं सांगतो, मी पाहिलेल्या घरांत मुलं सावरली ती कारखान्यात मशीनवर बसलेल्या नाहीतर खानावळीत उभ्या असलेल्या कुणा बाईच्या आधाराने. ती बाई तिथे होती, फोनवर नव्हती. हे तुला लागेल. लागू दे. आईला सोडून तू कशी येणार, हे मला माहीत नाही असं समजू नकोस.

म्हणून लिहितोय. माझं शनिवारचं तिकीट काढलंय, पुण्याचं. हे पत्र मुद्दाम एक दिवस आधी पाठवतोय, कारण दारात उभा राहून हे सगळं सांगायला लागलो असतो तर पक्ष्यापासून सुरुवात केली असती, आणि तुला बॅग भरायला वेळ हवा. आईजवळ मी राहतो. मी कुठे टिकत नाही हे तुला माहीत आहे, मलाही आहे, पण आई हलत नाही तोवर मीही हलणार नाही. तिला कुशीवर कसं वळवायचं, गोळ्या कशातून द्यायच्या, ती ‘अं’ म्हणते त्यातलं कुठलं पाण्याचं आणि कुठलं रागाचं, हे मला एकदा दाखव आणि नीघ. तुझा डिपेंडंट पास दाजींच्या पासबरोबरच संपेल, तोवर तुला इथे येता येतं. तू आल्यावर ते थांबतील, तुझेही कागद देतील, असं मी म्हणत नाही. त्यांनी मला तसं काही कबूल केलेलं नाही. कदाचित तू येशील आणि दोघं समोरासमोर बसून हेच ठरवाल जे ते एकटे ठरवून बसलेत. पण आर्या कुठे आणि कुणाबरोबर वाढणार, ते ठरताना तू त्या खोलीत असायला हवीस. आणि येतेयस ते तिला फोनवर सांगू नकोस. आता बाबांपासून काही लपवायची वेळ तिच्यावर यायला नको.

शनिवारी तुझ्या दारात येणारा, तुझाच,
राजस