नाकतोड्यांना मरी आली तेव्हा

अहो,

तुम्ही गेल्यावरचा हा पहिला भादवा. सकाळपासून झड लागलीय, उन्हाचं नाव नाही, आणि तीच जुनी भीती परत आलीय. पोरींना सांगावं तर म्हणतील, आई, निजामाचं राज्य जाऊन किती वर्षं झाली, आता कसली भीती? म्हणून तुम्हालाच लिहितेय. अक्षरं तुम्हीच शिकवलीत, आता वाचाही तुम्हीच!

आठवतं ना ते गाव, नळदुर्गाच्या अलीकडचं? तुम्ही शाळेत उर्दूतून शिकवायचात आणि घरी मला मराठी गिरवायला लावायचात. थोरलीच्या वेळी मला सातवा लागला होता. निजाम जाणार का राहणार, कुणालाच कळत नव्हतं. कुणी म्हणे अमक्या गावात घरं जाळली. दिवस मावळायच्या आत वेस बंद व्हायची. शेजारी शेजाऱ्याला ओळख देईना.

त्यातच नाकतोड्यांना मरी आली.

ज्वारी निसवली होती, कणसं बाहेर पडली होती. शेजारच्या सखारामच्या रानात मी ते पहिल्यांदा बघितलं. ताटांच्या पार शेंड्याला नाकतोडे चढलेले, तोंड वर, पायांनी ताट घट्ट कवटाळलेलं, आणि मेलेले! पोटं फुगलेली, अंगावर पांढुरकी पूड. एका ताटावर नाही, जिकडं बघावं तिकडं. वारा सुटला तरी एकही खाली पडेना. तोंडाला पदर लावून मी पळतच घर गाठलं.

तुम्ही मात्र तसलं एक ताट थेट माजघरात आणलंत! घरात पोटुशी बाई आहे, एवढं तरी बघायचंत की हो!

"बुरशी आहे ही," तुम्ही म्हणालात. "भाकरीला येते तसलीच, पण नाकतोड्याच्या जिवावर जगणारी. अंगावर पडते, आत शिरते, आतून खाते. मरायच्या आधी त्याला उंच चढायला लावते, म्हणजे तिची पूड खालच्यांवर पडावी."

"आणि तो बिचारा काहीच करत नाही?"

"करतो की! आजारी नाकतोडा उन्हात जाऊन बसतो, अंग तापवतो. आपल्याला ताप येतो ना, तसं. तापल्या अंगात बुरशीचं चालत नाही. म्हणून ती अशा झडीची वाट बघते. तो एक डाव शिकला की ती दुसरा शिकते. माणूस नव्हता तेव्हापासनं हे चाललं असणार. एकमेकांना मारता मारताच दोघं असे घडलेत."

तुमचे डोळे चमकत होते. माझ्या अंगावर मात्र काटा आला. इतक्या जुन्या वैराला कधी शेवट असतो का हो?

दुसऱ्या दिवशी त्याच रानात चरून आलेलं सखारामचं वासरू मेलं. रानात कुणीतरी इख पेरलंय, असा गावात बोभाटा झाला. आणि नाव कुणाचं, तर रहीमभाई अत्ताराचं! नळदुर्गाहून कुंकू, बुक्का, शिकेकाई विकायला येणारा तो म्हातारा. पुड्यांचं गाठोडं घेऊन त्याच बांधावरनं गेला होता. गावाला तेवढं पुरलं.

दुपारी तो भिजलेला आपल्या दारात उभा राहिला. "भाबी, मागं मानसं लागलीत. खुदाकसम, म्या काय बी केलं न्हाई."

तुम्ही त्याला कणगीमागं बसवलंत. मला विचारलंतही नाही! मी एवढंच म्हणाले, "ती बुरशी माणसाला काही करत नाही ना?"

"करत नसावी."

नसावी! तुम्हाला खात्री नव्हती. हे फक्त मला ठाऊक होतं.

मग दारात गर्दी जमली. सखाराम पुढं, हातात मेल्या नाकतोड्यासकट ज्वारीचं ताट. "मास्तर, त्याला भाईर काढा. न्हायतर घर पेटवू."

तुम्ही बुरशीचं सांगायला लागलात, पण ऐकतंय कोण?

"इख न्हाय म्हन्ता? मग खावा की हे कणीस!"

तुम्ही त्याच्या हातातलं ताट घेतलंत, कणीस तळहातावर चोळलंत आणि कोवळे दाणे त्या पुडीसकट तोंडात टाकलेत. मी दाराची चौकट धरली. पोटातलं पोर असं उसळलं की मला वाटलं आता इथंच काहीतरी होणार. अहो, त्या क्षणी आमचा विचार आला होता का तुमच्या मनात?

तुम्ही पायरीवर बसलात. ते समोर चिखलात उकिडवे. सगळे तुमच्या तोंडाकडं बघत होते, वासरू मरताना बघितलं असेल तसं. तुम्ही पाणी मागितलंत. तांब्या द्यायच्या निमित्तानं मी मध्ये उभी राहिले, तुमचा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून.

दिवेलागण झाली. तुम्हाला काही झालं नाही. सखाराम उठला. "मग वासरू कशानं मेलं?"

"ते मला बी ठाऊक न्हाय, सखाराम," तुम्ही त्याच्याच बोलीत म्हणालात.

तो गेला, मागोमाग बाकीचे. पटलं म्हणून नाही, भिजून दमले म्हणून. पहाटे तुम्ही रहीमभाईला कडब्याच्या गाडीत लपवून सोलापूरच्या वाटेला लावलंत. तो सुखरूप पोचल्याचा निरोप आला, पण परत काही तो गावात आला नाही.

पुढं ऊन पडलं. उरलेले नाकतोडे गावकुसाच्या दगडांवर उन्हाला अंग देऊन बसले होते. तुम्ही मला हाताला धरून दाखवायला नेलंत. त्यातले काही जगलेही. पण मी रोज सकाळी तुमची जीभ बघायची, आणि थोरली झाल्यावर आधी तिच्या अंगावर पूड आहे का ते बघितलं. हसू नका!

पोरी म्हणतात, आमचे आबा कुणाला भीत नव्हते. तुमच्या फोटोखाली तसं लिहायचं म्हणतायत. मी लिहू देणार नाही. गर्दी गेल्यावर तुम्ही माझ्या मांडीवर डोकं ठेवलंत, दातावर दात वाजत होते, आणि म्हणालात, "यमुने, लई भ्यालो गं." ते आजवर माझ्यापाशीच ठेवलं. आता पोरींना सांगणार आहे, जसं झालं तसं. शब्द देते.

तुमचीच,
यमुना